पीळ कोणी सोसायचा : टर्बो मोटारीच्या इंजिन माउंटिंगविषयी एक संवाद

साशंक : टर्बो मोटारीच्या इंजिनाची ताकद वाढवली की त्याचे माउंटिंगही कडक करून घ्यावे, हा सल्ला आता इतक्या सहजपणे दिला जातो की त्यामागचे गृहीतक तपासण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. माउंटिंग, ज्याला गॅरेजमध्ये फाउंडेशन असेही म्हणतात, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना मोटारीच्या बॉडीशी जोडणारा रबर आणि धातू यांचा सांधा. या सांध्याकडे तीन कामे असतात : इंजिन-गिअरबॉक्सचे दीड-दोनशे किलो वजन पेलणे, टॉर्कची म्हणजे चाके फिरवणाऱ्या पिळाची उलट प्रतिक्रिया सोसणे, आणि इंजिनाचा कंप बॉडीत उतरू न देणे. पहिल्या दोन कामांसाठी सांधा ताठ असलेला बरा आणि तिसऱ्यासाठी मऊ. त्यामुळे कारखान्यातून येणारे प्रत्येक माउंटिंग ही मुळातच एक तडजोड असते, आणि ती साधायला या उद्योगाला बराच काळ लागला. पूर्वी चार सिलिंडरच्या मोटारींत इंजिन चासीला जवळजवळ घट्टच आवळलेले असे. क्रायस्लर कंपनीने १९३१ मध्ये प्लिमथच्या पीए या मॉडेलमध्ये ‘फ्लोटिंग पॉवर’ नावाची मांडणी आणली. तिच्यात पुढचा रबरी आधार उंचावर आणि मागचा खाली अशा रीतीने ठेवला होता की दोहोंना जोडणारी कल्पित रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जावी आणि इंजिनाने त्या रेषेभोवती मोकळेपणी डोलावे. सित्रोएनने ही पद्धत परवान्याने घेतली आणि तिच्या प्रसिद्धीसाठी तरंगणारा हंस हे चिन्ह निवडले. इतक्या प्रयत्नाने मोकळे केलेले इंजिन एका दुपारात पुन्हा जखडायचे आणि त्याला मजबुतीकरण म्हणायचे, हे पटण्यासारखे नाही.

उत्साही : तडजोड आहे हे मान्य केले की ती कोणत्या आकड्यांसाठी केली होती, हा प्रश्न टाळता येत नाही. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली आणि २०१३ मध्ये भारतीय बाजारात आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय उदाहरणादाखल घ्यावी. तिचे चार सिलिंडरचे १.२ लिटर टर्बो इंजिन १०५ पीएस ताकद देते आणि मिनिटाला सुमारे १,५०० फेऱ्यांपासूनच १७५ न्यूटन-मीटर टॉर्क हाती ठेवते. इंजिन आडवे बसवलेले, चालना पुढच्या चाकांना. मागच्या चाकांवर चालणाऱ्या, उभ्या इंजिनाच्या मोटारीत डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांत टॉर्क वाटणारा दात्यांचा संच, मागच्या आसावर असतो, म्हणून शेवटच्या दात्यांनी वाढवलेल्या टॉर्कची प्रतिक्रिया मागचा आस सोसतो; आडव्या मांडणीत मात्र डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतो, म्हणून चाकांवर जितका टॉर्क पोहोचतो जवळजवळ तितक्याच टॉर्कने संपूर्ण इंजिन-गिअरबॉक्स उलट दिशेने फिरू पाहतो. पहिल्या गिअरमध्ये एकूण प्रमाण साधारण १५ धरले तर १७५ चे २,६२५ न्यूटन-मीटर होतात. ही ओढ रोखण्यासाठी गिअरबॉक्सच्या खालून सबफ्रेमकडे, म्हणजे पुढची चाके आणि स्टिअरिंग ज्यावर बसते त्या जाड पोलादी चौकटीकडे, एक आखूड दांडी जाते. रबरी बुशांत अडकवलेली ही दांडी म्हणजे टॉर्क रॉड. वरच्या दोन माउंटिंगांच्या रेषेपासून ती ३० सेंटिमीटर खाली आहे असे धरले, तर तिच्यावरची ओढ ८,७५० न्यूटन, म्हणजे जवळपास नऊ क्विंटल भरते. रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील इंधन, ठिणगी आणि टर्बोच्या दाबाचे कोष्टक बदलून, टॉर्क २४० वर नेला की तोच हिशेब बारा क्विंटलांच्या पुढे जातो. तडजोड ज्या पिळासाठी केली होती तो पीळच राहिला नाही, तर ती तडजोड तशीच ठेवण्याचा आग्रह कशासाठी?

साशंक : गुणाकार बरोबर आहे, पण रस्त्यावर तो पूर्ण होत नाही, कारण मध्ये टायर आहे. पुढच्या आसावर साधारण ६५० किलो भार आहे, कोरड्या डांबरावर टायरची पकड भाराच्या नऊ दशांश आहे आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आहे असे धरले, तर दोन्ही चाके मिळून सुमारे १,७०० न्यूटन-मीटर टॉर्क रस्त्यावर उतरवू शकतात. त्याहून अधिक आला की ती घसरतात. मोटार वेग घेताना भार मागे सरकतो, म्हणून प्रत्यक्षातली मर्यादा याहूनही खालीच राहते. याचा अर्थ असा की मूळ इंजिनही पहिल्या गिअरमध्ये टायर सोसेल त्याहून जास्त पीळ निर्माण करू शकते, आणि दांडीवरची स्थिर ओढ नऊ क्विंटलांवर न जाता पावणेसहाच्या आसपास थांबते. मग रिमॅपने पहिल्या गिअरमध्ये माउंटिंगवरचा कमाल भार वाढला कोठे? वाढला तो टायरचा धूर. ताकद वाढवणाऱ्याने आधी हे पाहिले पाहिजे की या साखळीत फ्यूजचे काम रबरी माउंटिंग नव्हे तर टायर करत आहे, आणि फ्यूज जागच्या जागी असेल तर बाकीची तार जाड करण्यात अर्थ नसतो.

उत्साही : टायरची मर्यादा हा मुद्दा नेमका आहे आणि तो स्वीकारल्याने मूळ विधान सुधारते, मात्र ते त्याने कोसळत नाही. पहिल्या गिअरपुरता वाढीव टॉर्क निरुपयोगी ठरतो, हे खरे. पण दुसऱ्या गिअरमध्ये एकूण प्रमाण ९ च्या आसपास धरले तर मूळ १७५ चे १,५७५ होतात, म्हणजे टायरच्या मर्यादेच्या किंचित खाली; रिमॅपनंतर २४० चे २,१६० होतात, म्हणजे मर्यादेच्या वर. जी मोटार पूर्वी फक्त सिग्नलवरून सुटताना क्षणभर मर्यादेला टेकत असे, ती आता दुसऱ्या गिअरमध्येही, घाटाच्या चढावर वळणातून बाहेर पडताना, टेकू लागते. माउंटिंगवरचा शिखरभार तोच राहिला तरी त्या शिखरावर जाण्याची वारंवारता वाढली, आणि रबर एका मोठ्या झटक्यापेक्षा पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताणानेच अधिक थकते. दुसरे असे की टायर घसरतो तो एकसारखा घसरत नाही. तो पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो. त्याच तालावर मऊ रबरावरचे इंजिन पुढे-मागे झुलते, झुलताना टायरवरचा टॉर्क कमी-जास्त करते, आणि दोघे मिळून पुढची चाके रस्त्यावर उड्या मारू लागतात. चाकांच्या या उड्यांमध्ये पावणेसहा क्विंटलांचा स्थिर हिशेब लागू पडत नाही, कारण प्रत्येक पुन्हा-पकडीला फिरत्या चाकांचा आणि इंजिनाच्या फ्लायव्हीलचा साठलेला वेग एकदम थांबवावा लागतो आणि तो धक्का ड्राइव्ह शाफ्ट, गिअरचे दाते आणि दांडी यांच्यातून जातो. टॉर्क रॉडचा झोल कमी केला की हा झुलण्याचा भाग कमी होतो आणि उड्यांना खतपाणी मिळत नाही.

शिवाय टर्बो मोटारीत इंजिनाच्या हलण्याची किंमत इतरही भाग मोजतात. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत, म्हणजे दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या रेडिएटरसारख्या भागापर्यंत, आणि तेथून परत इंजिनापर्यंत जाणाऱ्या नळ्यांचे एक टोक इंजिनाबरोबर हलते आणि दुसरे बॉडीबरोबर स्थिर असते. दाब वाढवल्यावर त्यांचे सांधे आधीच जास्त ताणाखाली असतात आणि पुरेसा झोल मिळाला की क्लिपमधून निसटतात. टर्बोच्या तोंडाशी जोडलेला डाउनपाइप, म्हणजे जळलेला वायू खाली नेणारा जाड पाइप, एका जाळीदार लवचीक तुकड्यावर हलणे सोसतो, आणि तो तुकडाच आधी चिरतो. जुन्या मोटारीचे बोनेट उघडून नीट पाहिले तर ही हालचाल न मोजताही वाचता येते : बॅटरीच्या ट्रेच्या कडेला नळीने घासून चकचकीत केलेला, रंग उडालेला अर्धचंद्र, आणि उष्णतारोधक पत्र्यावर पाइप आदळल्याची एक छोटी चपटी खोक.

साशंक : त्या खुणा नाकारण्याचे कारण नाही. पण रबर कडक करण्याची किंमत कोठे मोजावी लागते हेही तितक्याच आकड्यांत पाहिले पाहिजे, कारण ‘थोडी थरथर वाढते’ या शब्दांनी ती झाकली जाते. रबरावर ठेवलेल्या प्रत्येक वजनाची एक नैसर्गिक वारंवारता असते, म्हणजे ढकलून सोडल्यावर ते सेकंदाला जितक्या वेळा आपोआप डोलेल तो आकडा. इंजिनाचा कंप या आकड्याच्या बराच वर असेल तर रबर तो गिळते. जवळ असेल तर उलट वाढवते, आणि याच वाढीला अनुनाद म्हणतात. गिळणे सुरू होण्याची सीमा नैसर्गिक वारंवारतेच्या सुमारे १.४ पट असते. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. आयडलिंगला, म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवर नसताना, मिनिटाला ७५० फेऱ्या धरल्या तर कंप सेकंदाला २५ वेळा येतो. मूळ रबरावर नैसर्गिक वारंवारता ९ असेल तर या कंपाचा जेमतेम १५ टक्के भाग बॉडीत उतरतो. आता रबराच्या जागी पॉलियुरेथेन, म्हणजे स्केटिंगच्या चाकांसाठी वापरतात तसे कठीण प्लास्टिकजन्य रबर, बसवून ताठरपणा चौपट केला असे समजावे. नैसर्गिक वारंवारता ताठरपणाच्या वर्गमुळाने वाढते, म्हणून ती ९ वरून १८ होते, गिळण्याची सीमा २५ च्या किंचित वर सरकते, आणि बॉडीत उतरणारा भाग १५ टक्क्यांवरून शंभराच्याही पुढे जातो. म्हणजे कंप थोडा वाढला असे नाही. माउंटिंगने कंप अडवण्याचे कामच सोडून दिले. पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या मोटारीचे कितीतरी मिनिटांचे आयुष्य रोज याच आयडलिंगवर, एसी चालू ठेवून सिग्नलला जाते. तेथे मागच्या मोटारीचा नंबर आरशात वाचता येत नाही, कारण आरसाच धूसर झालेला असतो, आणि दारातल्या प्लास्टिकच्या पट्ट्या किरकिरू लागतात. आयडलिंग ९०० वर नेऊन हे झाकण्याची युक्ती करतात, पण त्या हिशेबानेही अर्ध्याहून अधिक कंप उतरतच राहतो. २०२० मध्ये त्याच पोलोत तीन सिलिंडरचे १.० लिटर इंजिन आले. तेथे फेरीला दीडच स्फोट असल्याने त्याच ७५० फेऱ्यांना कंप सेकंदाला सुमारे १९ वेळा येतो आणि कडक माउंटिंगवर तो थेट अनुनादाच्या तोंडी जातो. चार सिलिंडरच्या मोटारीवर एकाचे काम भागले म्हणून दुसऱ्याने तेच तीन सिलिंडरच्या मोटारीत बसवावे, हे म्हणूनच धोक्याचे.

उत्साही : हा हिशेब तिन्ही माउंटिंगे सरसकट बदलणाऱ्याला लागू आहे, आणि तसे करू नये हे येथेच स्पष्ट व्हावे. वरची दोन माउंटिंगे वजन पेलतात. उभ्या दिशेचा कंप त्यांच्यातून जातो. त्यांना हात न लावणे शहाणपणाचे. टॉर्क रॉड वजन पेलत नाही. इंजिन बंद असताना ती जवळजवळ मोकळी असते आणि तिचे काम पीळ रोखणे एवढेच. म्हणून फक्त तिच्या बुशातील रिकाम्या फटींत पॉलियुरेथेनची चकती बसवली, तर झोल घटतो आणि वजनाचा मार्ग मऊच राहतो. ‘मजबुतीकरण’ हा शब्द फार मोठा आहे हा आक्षेप म्हणून मान्य. जे करायचे आहे ते एका दिशेपुरते, एका सांध्यापुरते आहे.

साशंक : येथेच सगळ्यांत बारीक चूक होते, आणि ती करणारा माणूस निष्काळजी नसतो, तर त्याने अर्धा हिशेब काळजीपूर्वक केलेला असतो. आयडलिंगला इंजिन कोणत्या दिशेने थरथरते? चार सिलिंडरच्या इंजिनात वर-खाली जाणारा कंप आहेच, पण आयडलिंगला त्याचा जोर कमी असतो. प्रत्येक स्फोट क्रँकशाफ्टला एक झटका देतो आणि इंजिनाच्या बॉडीला तितकाच उलटा. म्हणजे आयडलिंगचा मुख्य कंप हा पिळाच्याच दिशेचा, क्रँकच्या आसाभोवतीचा असतो. दांडी ज्या दिशेने पीळ रोखते त्याच दिशेने इंजिन सिग्नलला धडधडते. मोठा पीळ आणि छोटा कंप यांच्यात दिशेचा फरक नाहीच. फरक आहे तो केवळ आकाराचा. सिग्नलला इंजिन अर्ध्या मिलिमीटरच्या आत हलते, आणि दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण टॉर्कवर ते अनेक मिलिमीटर ओढले जाते. तेव्हा दिशा निवडून सुटका होत नाही. चकतीने फट पूर्ण भरली तर तो अर्धा मिलिमीटरही मोकळा राहत नाही, आणि सारा कंप दांडीतून थेट सबफ्रेममध्ये, तेथून पायांखालच्या पत्र्यात उतरतो.

उत्साही : हे मान्य करताना आधीचे एक वाक्य मागे घ्यावे लागते : दांडीपुरता बदल कंपाला स्पर्शच करत नाही, हे खरे नव्हे. पण आकाराचा फरक सापडला, तर त्यातच उपायही सापडतो. कारखान्यातील बुश सगळीकडे सारखे मऊ नसते. मधल्या रबराच्या पुढे-मागे जाणीवपूर्वक पोकळ्या ठेवलेल्या असतात. छोट्या हालचालीत रबर या पोकळीत सैल वावरते आणि मोठ्या हालचालीत पोकळी संपून रबराचा गठ्ठा पोलादी कवचावर टेकतो, मग ताठरपणा एकदम चढतो. बळ आणि सरकणे यांचा आलेख काढला तर तो आधी सपाट वाटेने चालतो आणि मग घाट चढतो. मूळ टॉर्कसाठी घाट कोठे सुरू व्हावा हे ठरवलेले होते. रिमॅप केलेली मोटार मधल्या टॉर्कवरही रोज त्या घाटात असते. आता कल्पना करावी की मऊ रबरावर इंजिन दहा-बारा मिलिमीटर धावत जाऊन कवचावर आदळते. हा आदळण्याचा धक्का कडक पण कमी झोलाच्या सांध्यापेक्षा लहान असतो असे कोणी म्हणू शकत नाही. मोकळ्या अंतरात इंजिनाला वेग घ्यायला वाव मिळतो आणि तो सगळा शेवटच्या मिलिमीटरला थांबवावा लागतो. तेव्हा चकतीने फट भरायची नाही, फट लहान करायची : सिग्नलच्या अर्ध्या मिलिमीटरला वाव उरेल, पण धावपळीला उरणार नाही, इतकी. ‘कडक की मऊ’ हा प्रश्न मग उरत नाही. घाट कितव्या मिलिमीटरला सुरू व्हावा, एवढाच प्रश्न उरतो.

मोठ्या हाताने खर्च करणाऱ्यांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. पोर्शने २००९ च्या ९११ जीटी३ मध्ये पर्यायी म्हणून दिलेल्या माउंटिंगांत चुंबकीय कणांनी युक्त द्रव होता. विजेने चुंबकक्षेत्र निर्माण केले की तो घट्ट होई, म्हणून एकच माउंटिंग शांत चालताना मऊ आणि वळणात कडक राही. साध्या मोटारींतली द्रवभरली माउंटिंगेही, ज्यांत ग्लायकॉलमिश्रित द्रव एका बारीक वळणदार वाटेने दोन कप्प्यांत ये-जा करतो, छोट्या आणि मोठ्या हालचालींना वेगवेगळे उत्तर देण्यासाठीच घडवलेली आहेत. आणि रॅलीच्या मोटारींत, १९८२ मध्ये सुरू झालेल्या ग्रुप एन या उत्पादन मोटारींच्या वर्गात, पॉलियुरेथेनकडे न जाता त्याच साच्यातले पण अधिक कठीण मिश्रणाचे रबर वापरण्याची वाट रुळली. म्हणजे सुवर्णमध्य शोधणारे लोक हौशी गॅरेजपुरते मर्यादित नाहीत.

साशंक : ही सगळी उदाहरणे एकाच बाजूला साक्ष देतात, आणि ती बाजू उत्साहाची नाही. पोर्श, द्रवभरले माउंटिंग किंवा रॅलीचे रबर यांपैकी प्रत्येकामागे मोजणी आहे : आलेख काढलेला आहे, यंत्रावर लाखो वेळा दाबून पाहिलेले आहे, आणि पुढे कोणता भाग आधी तुटेल हे ठरवलेले आहे. हे शेवटचे महत्त्वाचे. माउंटिंगने हलणे थांबवले म्हणून बळ नाहीसे होत नाही, ते पुढच्या भागाकडे जाते. लोटस ४९ या शर्यतीच्या मोटारीत १९६७ साली कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन रबराशिवाय थेट सांगाड्याला जोडले होते आणि मागच्या चाकांचे सगळे भार इंजिनाच्याच कवचातून जात. पण ते कवच त्याच कामासाठी ओतलेले होते. पोलोच्या गिअरबॉक्सचे ॲल्युमिनियमचे कान, ज्यांत माउंटिंगचे बोल्ट बसतात, मूळ झोल गृहीत धरून ओतलेले आहेत. रबर फाटले तर बोनेट उघडून टॉर्च टाकताच ते दिसते : काळ्या अंगावर केसासारख्या चिरा आणि चिरेत साठलेली तेलकट धूळ. ॲल्युमिनियमच्या कानातली चीर पहिले कित्येक महिने दिसत नाही, आणि दिसते तेव्हा गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च समोर असतो. शिवाय पोलोच्या सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सची, ज्यात कोरडे दुहेरी क्लच असतात, रचना २५० न्यूटन-मीटरच्या मर्यादेसाठी आहे. २४० वर नेलेल्या मोटारीत दहाच उरतात. तेथे झोल जितका कमी, तितका प्रत्येक धक्का क्लचच्या पट्ट्यांना अधिक थेट. कायद्याचा विचार तर वेगळाच : मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आळा घालते, आणि चकतीचा प्रश्न किरकोळ असला तरी ज्या रिमॅपसाठी ती चकती बसवायची त्याचा प्रश्न किरकोळ नाही. विम्याच्या दाव्याच्या वेळी तो निघू शकतो.

उत्साही : कायद्याचा आणि विम्याचा मुद्दा ज्याने त्याने डोळे उघडे ठेवून स्वीकारायचा आहे, त्याला उत्तर नाही आणि देण्याचा प्रयत्नही नको. क्लचबद्दलची भीती मात्र अर्धी आहे, कारण क्लचला सर्वांत जाचणारा धक्का म्हणजे फट ओलांडून आलेला, आणि फट लहान केल्याने तो कमी होण्याची शक्यता आहे. तुटण्याची जागा बदलते, हे खरे. पण सध्या तुटण्याची जागा चांगली निवडलेली आहे असे समजण्याचे कारण काय? रिमॅप झालेल्या मोटारीत ती कोणी निवडलेलीच नाही, ती आपोआप ठरलेली आहे.

साशंक : या वाक्यात दोन्ही बाजूंना जोडणारा धागा आहे, म्हणून त्यावर थांबायला हरकत नाही. पण त्याआधी एक सवय तपासावी लागेल. ज्यांना इंजिन फार हलते असे वाटते, त्यांच्यापैकी किती जणांचे मूळ माउंटिंग शाबूत असते? नैसर्गिक रबर, जे अजूनही झाडाच्या चिकापासूनच बनते, ताणले असता त्याचे रेणू रांगेत लागून फाटण्याला विरोध करतात; थकव्याविरुद्धचा हा गुण फार थोड्या कृत्रिम पदार्थांत आढळतो, आणि म्हणूनच कारखाने माउंटिंगसाठी त्याला सोडायला तयार नसतात. त्याचे शत्रू तीन : तेल, ओझोन आणि उष्णता. टर्बोचे टर्बाइन आणि डाउनपाइप शेजारीच असल्याने तिसरा शत्रू येथे कायमचा बिऱ्हाड करून आहे. सात-आठ वर्षांच्या मोटारीत रबर बहुधा कडक होऊन चिरलेले असते. मालक रिमॅप करतो, झोल जाणवतो, आणि तो रिमॅपचा परिणाम समजून पॉलियुरेथेन मागवतो. आजार वयाचा, औषध ताकदीचे. पॉलियुरेथेनही अमर नाही : तेलाला ते रबरापेक्षा चांगले पुरते, पण उष्णता आणि ओलावा एकत्र आले की त्याचे काही प्रकार आतून विरघळल्यासारखे ठिसूळ होतात. कोकणात पावसाळाभर उघड्यावर उभी राहणारी मोटार त्याला या दोन्ही गोष्टी पुरवते.

उत्साही : यावर वाद नाही. आधी नवे, मूळ मापाचे माउंटिंग बसवावे आणि मगच हलणे मोजावे. असे केले तर निम्म्या मोटारींत पुढचे काही करण्याची गरज उरणार नाही, असे मानायलाही हरकत नाही. मोजण्याची रीत फार खर्चिक नाही. टॉर्क रॉडच्या बुशाजवळ पोलादी कवचावर आणि दांडीवर खडूच्या पातळ रेघा ओढाव्यात, सबफ्रेमवर मऊ मातीचा लहानसा गोळा लावावा, आणि मोटार बंद रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण टॉर्कवर चालवून आणावी. दांडी किती सरकली हे गोळ्यावरच्या ठशात दिसते. ठसा पोकळीच्या टोकापर्यंत गेला नसेल तर चकतीची गरज नाही. टोकाला टेकलेला असेल, आणि नव्या रबरानेही टेकलेला असेल, तर घाट चुकीच्या जागी सुरू होतो आहे हे सिद्ध झाले.

साशंक : ठसा एका दिवसाचा असतो. रबर सतत ओझ्याखाली असले की ते हळूहळू बसते आणि मूळ मापाला पूर्ण परत येत नाही. वरची माउंटिंगे दोन-तीन मिलिमीटर खाली बसली की गिअरबॉक्सचा कल बदलतो आणि दांडीची फट एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त होते. चकती बसवताना निवडलेली फट वर्षभराने तीच राहिलेली नसते. कारखान्याच्या बुशात ही सरकण्याची तूट आधीच धरलेली असते. बाहेरून आलेल्या चकतीत ती कोणी धरली आहे, आणि किती?

उत्साही : त्या चकत्यांवर कठीणपणाचा आकडा छापलेला असतो, फटीचा नसतो, ही उणीव खरी आहे. प्रत्येक ऑइल बदलण्याच्या वेळी मोटार वर असतेच, तेव्हा पातळ पट्टीने दोन्ही बाजूंची फट मोजून लिहून ठेवता येईल. मात्र किती घट झाल्यावर चकती काढावी हे त्या नोंदीतून ठरवण्यासाठी अनेक मोटारींच्या अनेक वर्षांच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवाव्या लागतील.

साशंक : आणि त्या नोंदी जमेपर्यंत तिन्ही गोष्टींपैकी कोणती आधी सैल होईल, रबर, ॲल्युमिनियमचा कान की क्लचची पट्टी, हे ठरवणारा पीळ रोज दुसऱ्या गिअरमध्ये दिला जाणारच आहे.